तिकिटाची पाठ आधी बघा

घर आवरताना कपाटाच्या वरच्या फळीवर जुना अल्बम सापडतो. मग पहिल्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून लगेच विचारणा होते, "याचे किती येतील?" त्या फोटोवरून जाणकार माणूस फार तर तिकीट कुठलं आणि साधारण कोणत्या काळातलं एवढं सांगू शकतो. किंमत सांगता येत नाही, कारण ती ज्यावर ठरते त्यातलं निम्मं तरी तिकिटाच्या मागच्या बाजूला असतं. मुरलेला संग्राहक तिकीट चिमट्यात धरलं की आधी उलटं करतो. समोरचं चित्र त्याला पाठ असतं, पाठ मात्र प्रत्येक तिकिटाची वेगळी असते.

हे नीट कळण्यासाठी एकच तिकीट घेऊ. 15 ऑगस्ट 1948 रोजी, स्वातंत्र्याच्या पहिल्या वर्षपूर्तीला, गांधीजींची चार तिकिटं निघाली: 1½ आणा, 3½ आणे, 12 आणे आणि 10 रुपये. छपाई स्वित्झर्लंडच्या कूर्व्हॉझिए छापखान्यातली, फोटोग्राव्हूर पद्धतीची, म्हणजे कोरलेल्या सिलिंडरवरून शाई कागदावर उतरवायची. चारही तिकिटांवर देवनागरी आणि उर्दू अशा दोन्ही लिप्यांत 'बापू' लिहिलेलं आहे. पहिली तीन तिकिटं आजही कुणालाही परवडतात. संचाची जवळजवळ सगळी किंमत एकट्या 10 रुपयांच्या तिकिटात आहे. 10 रुपये म्हणजे 160 आणे, म्हणजे 1½ आण्याच्या तिकिटाच्या शंभरपटीहून जास्त. शाळकरी पोरांनी पहिली तीन घेतली, चौथ्याला हात लावला नाही. एखादं तिकीट पुढे दुर्मीळ का होतं, याचं बऱ्याचदा एवढं साधं कारण असतं: विक्रीला होतं तेव्हा घेणारे कमी होते.

आता हे 10 रुपयांचं तिकीट उलटं करा.

पहिली गोष्ट गम, म्हणजे मूळचा डिंक. तो पूर्ण, अखंड आणि कशाचाही डाग नसलेला असेल तर ते 'अनमाउंटेड मिंट' (मिंट म्हणजे न वापरलेलं कोरं तिकीट). पूर्वी तिकिटं अल्बमला चिकटवायला हिंज वापरत. हा डिंक लावलेल्या पातळ कागदाचा दुमडलेला तुकडा असतो. हिंज काढला तरी गमवर चौकोनी फिकट खूण राहते. ती असली की तिकीट 'माउंटेड' झालं. ढोबळ अंदाज द्यायचा तर, अनमाउंटेड प्रत 100 धरली तर हलक्या, स्वच्छ हिंजची प्रत 40 ते 60 च्या आसपास येते आणि गम पूर्ण गेलेली 25-30 वर. कागदाची साल निघाली असेल तर 10 ते 20 मिळाले तरी ठीक. ही साल म्हणजे 'थिन'. घाईत हिंज ओढला की कागदाचा मागचा थर त्याच्याबरोबर निघून येतो आणि तिथे कागद विरळ होतो. समोरून तिकीट सुंदर दिसत राहतं, म्हणूनच फोटोत हा दोष कधीच कळत नाही. तिकीट चिमट्याने धरून खिडकीच्या उजेडासमोर आणा. विरळ जागा उजळ दिसते.

जुन्या अल्बममध्ये हिंजने लावलेली तिकिटं सापडली तर हिंज काढायच्या भानगडीत पडू नका. लावणाऱ्याने जे नुकसान करायचं ते केलंय, काढताना आपण त्यात भर घालतो. तिकिटासकट पान दाखवायला न्या.

दुसरी गोष्ट, गम मूळचाच आहे का? अनमाउंटेडला इतका भाव असल्यामुळे गम गेलेल्या तिकिटाला नवा डिंक लावून विकणं हा फार जुना धंदा आहे. ओळखायची जागा म्हणजे दात्यांची टोकं. छापखान्यात आधी कागदाला डिंक लागतो, मग भोकं पडतात. त्यामुळे तिकीट फाडून वेगळं केलं की दात्याच्या टोकाला कागदाचे कोरडे, मऊ, पांढरे तंतू सुटलेले दिसतात. नंतर डिंक लावला की तो भोकांच्या कडेत आणि टोकांच्या तंतूंत शिरतो, टोकं कडक होतात. 10 पट भिंगाखाली हे स्पष्ट दिसतं. हाताच्या पाठीवर दाते हलकेच टेकवले तर नव्या डिंकाचे टोचतात, जुन्याचे टोचत नाहीत. शंभर तिकिटं हाताळल्यावर बोटांना हे आपोआप कळायला लागतं.

तिसरी गोष्ट आपल्याकडच्या हवेची. मुंबई, कोकण, गोवा इथल्या पावसाळ्यात डिंक दमट होतो, कागदावर बुरशी धरते आणि तपकिरी ठिपके उमटतात. संग्राहक त्याला 'टोनिंग' म्हणतात. सुरुवात बहुधा दात्यांच्या टोकांपासून होते, कारण तिथे कागद उघडा असतो. एकदा ठिपका पुढच्या बाजूला उमटला की किंमत कोसळते. कुणी ब्लीच करून तो घालवला तर आणखी कोसळते, कारण रंग फिका पडतो आणि अतिनील दिव्याखाली धुतलेला कागद वेगळाच चमकतो.

पाठ तपासून झाली की तिकीट सुलटं करायचं. चारही बाजूंची पांढरी किनार सारखी आहे का, एखादी बाजू दात्यांनी खाल्ली आहे का, एखादा दाता तुटका किंवा आखूड आहे का, कोपरा दुमडून सरळ केलेला आहे का, उन्हाने रंग उडाला आहे का. भिंतीवर चौकटीत लावलेली तिकिटं जवळजवळ नेहमीच फिकी झालेली असतात. रंग तपासायला त्याच संचातलं वहीत अंधारात राहिलेलं तिकीट शेजारी ठेवा, आठवणीवर विसंबू नका.

याच तिकिटाच्या नकलाही फिरतात. बहुतेक नकला स्कॅन करून छापलेल्या असतात. भिंगाखाली त्यांत निळ्या, गुलाबी, पिवळ्या ठिपक्यांचं जाळं दिसतं. खऱ्या फोटोग्राव्हूरमध्ये प्रत्येक रंगाची स्वतंत्र शाई असते. जाळी अतिशय बारीक आणि एकसारखी असते आणि अक्षरांच्या कडा बारीक करवतीसारख्या दिसतात. खऱ्या तिकिटाचं परफोरेशन 11½ आहे, म्हणजे 2 सेंटिमीटर लांबीत साडेअकरा भोकं. गेज, म्हणजे दाते मोजायची खास पट्टी, नसेल तर साध्या पट्टीवर 20 मिलिमीटर मोजून दाते मोजा. आकडा जुळला म्हणून तिकीट खरं ठरत नाही, पण जुळला नाही तर तिथेच थांबा.

आणि मग 'सर्व्हिस' असा ओव्हरप्रिंट, म्हणजे छापून झालेल्या तिकिटावर नंतर उमटवलेली अक्षरं, असलेलं तेच 10 रुपयांचं तिकीट. ते गव्हर्नर जनरलच्या कार्यालयासाठी होतं. 2017 मध्ये लंडनच्या स्टॅन्ली गिबन्स या तिकीट-व्यापारी कंपनीने अशा चार तिकिटांची सलग पट्टी 5 लाख पौंडांना विकली. संग्राहकांच्या हाती अशी 13 तिकिटंच असल्याचं तेव्हा सांगितलं गेलं. ही बातमी वाचून लोक घरातला संच काढतात आणि भिंगाशिवाय ओव्हरप्रिंट शोधतात. साध्या तिकिटावर काळी अक्षरं उमटवायला लेझर प्रिंटर पुरतो, आणि तशी तिकिटं भरपूर आहेत. लेझरची शाई कागदावर उंचावटा करून बसते, तिरक्या उजेडात चकाकते. पण इथे स्वतःच्या डोळ्यावर विसंबणं चुकीचंच. तज्ज्ञ समितीच्या प्रमाणपत्राशिवाय अशा तिकिटाला किंमत नाही, आणि प्रमाणपत्रही त्याच तिकिटाचं आहे ना, हे फोटोतले दाते एकेक जुळवून बघायचं.

'जुनं म्हणजे महाग' हा समज सगळ्यात जास्त निराशा करतो. जगातलं पहिलं टपाल तिकीट, 1840 चं पेनी ब्लॅक, 6 कोटी 80 लाखांहून अधिक छापलं गेलं. त्यातली पुष्कळ तिकिटं आजही आहेत. त्याला दाते नव्हते, कारकून कात्रीने कापून द्यायचा. म्हणून त्याचा भाव वयापेक्षा कात्रीवर ठरतो: चारही बाजूंना किनार शिल्लक असलेली प्रत एका भावाला जाते, आणि कात्री एका बाजूने चित्रात घुसलेली प्रत त्या भावाच्या लहानशा अंशाला. आपल्याकडची 1854 ची कोलकात्यात छापलेली अर्ध्या आण्याची निळी तिकिटंही बिनदात्यांची, त्यांनाही हाच नियम. त्याआधी 1852 मध्ये सिंधचा कमिशनर बार्टल फ्रिअरने सिंध प्रांतापुरती काढलेली 'सिंध डाक' तिकिटं मात्र खरोखर दुर्मीळ आहेत. त्यांतलं लाल तिकीट तर पाकिटावर लावायच्या ठिसूळ लाखेसारख्या चकतीवर उठवलेलं होतं. वापरताना तडकायचं, तुटायचं. जी टिकली ती मोजकी.

छपाईतल्या चुकांचं तसंच. 1854 च्या 4 आण्यांच्या दुरंगी तिकिटात लाल चौकट आणि राणी व्हिक्टोरियाचं निळं डोकं वेगवेगळ्या वेळी छापायचे. त्यात काही कागद उलटे गेले आणि राणीचं डोकं खाली आलं. हा भारतीय टपालातला सर्वांत मानाचा दोष, आणि त्याच्या थोड्याच प्रती उरल्या. याउलट 1949 च्या 1 आण्याच्या बोधिसत्त्व तिकिटावर मूर्तीचं चित्र आरशातल्यासारखं उलटं छापलं गेलं, डावा हात पुढे आला. 1950 मध्ये ते सुधारून उजवा हात पुढे असलेलं तिकीट काढलं. चूक मोठी, पण छापताना कुणाच्याच लक्षात न आल्यामुळे सगळीच तिकिटं तशी छापली गेली. दोन्ही तिकिटं आज किरकोळ भावात मिळतात. चूक किती गंमतशीर यापेक्षा ती किती प्रतींत झाली, याला मोल आहे.

पुन्हा पाठीकडे. वॉटरमार्क, म्हणजे कागदातच असलेलं चिन्ह, समोरून दिसत नाही, पण एकाच चित्राची दोन वेगळी तिकिटं ठरवतो. पंचम जॉर्जचं 1 आण्याचं तपकिरी तिकीट घ्या. 1922 पासूनचं लंडनच्या डी ला रू कंपनीचं, प्रत्येक तिकिटात एकच तारा. 1926 पासून छपाई नाशिकला आली आणि कागद बदलला, अनेक छोट्या ताऱ्यांचा झाला. चित्र तेच, रंगही जवळजवळ तोच. 1957 च्या नव्या पैशाच्या, भारताचा नकाशा असलेल्या तिकिटांतही आधी तारे, मग 1958 पासून अशोकस्तंभाचं शीर्ष. अशा जोड्यांत दोन्ही तिकिटं स्वस्त असली तरी सवय म्हणून तपासावीत, कारण सगळ्याच मालिकांत तसं नसतं, आणि उलटा किंवा आडवा वॉटरमार्क हा वेगळाच प्रकार म्हणून विकला जातो.

बघायची रीत अशी. काळ्या काचेवर किंवा काळ्या बशीत तिकीट पालथं ठेवा आणि दिवा बाजूने तिरका धरा. बऱ्याचदा एवढ्यानेच खूण दिसते. नाही दिसली तर शुद्ध लायटर फ्लुइडचे दोन-तीन थेंब. कागद पारदर्शक होतो, विरळ भागात चिन्ह गडद दिसतं, आणि लपवलेला थिन, चिकटवलेला फाटका भाग, नंतर जोडलेली किनारही त्याच वेळी उघडी पडते. द्रव आपोआप उडून जातो, गमला धक्का लागत नाही. दोन पथ्यं मात्र पाळायचीच: खिडकी उघडी हवी आणि जवळपास गॅस, उदबत्ती, समई काही नको. आणि फोटोग्राव्हूरच्या तिकिटांवर हा द्रव टाकू नये, त्यातल्या काही शाया विरघळतात. नकाशा तिकिटं फोटोग्राव्हूरची आहेत, त्यांना तिरका उजेडच बरा.

वापरलेल्या तिकिटाची किंमत शिक्क्यावर फिरते. चेहऱ्यावर काळाकुट्ट डाग बसला असेल तर तिकीट संग्रहाच्या लायकीचं राहत नाही. कोपऱ्यात हलका शिक्का चांगला. त्याहून चांगला म्हणजे गोल शिक्का मधोमध, गावाचं नाव आणि तारीख स्पष्ट. अशी तिकिटं काही जण तिकिटासाठी नाही, गावासाठी घेतात. ब्रिटिश काळात भारतीय तिकिटं भारताबाहेरच्या टपाल कचेऱ्यांतही चालत. शिक्क्यात B172 हा क्रमांक दिसला तर ते तिकीट सिंगापूरला वापरलेलं, 124 असेल तर एडनला. इथे वापरलेलं अर्ध्या आण्याचं तिकीट आणि सिंगापूरच्या शिक्क्याचं तेच तिकीट यांच्या भावात मोठा फरक असतो. अंक अर्धवट दिसत असेल तर घाईने टाकून देऊ नका.

पेनने मारलेली रेघ, सही, कोर्टाचा किंवा महसुलाचा शिक्का म्हणजे तिकीट दस्तऐवजावर वापरलेलं. ज्यांवर टपाल आणि महसूल असं दोन्ही लिहिलेलं असतं, त्यांत हे हमखास आढळतं. त्यांचा भाव टपालात वापरलेल्यापेक्षा बराच कमी. काही लोक पेनची शाई धुऊन वर खोटा टपाल शिक्का मारतात. अतिनील दिव्याखाली जुन्या रेघेची सावली दिसते. दुसरं लक्षण: शिक्का आहे, पण मागे गम शाबूत. टपालातून प्रवास केलेल्या तिकिटाला गम उरत नाही. म्हणजे शिक्का टपाल कचेरीत विनंती करून मारून घेतलेला, किंवा बिघडलेल्या मिंटवर नंतर मारलेला. गांधीजींच्या 10 रुपयांच्या तिकिटावर शिक्का असेल तर तारीखही वाचा. 15 ऑगस्ट 1948 च्या आधीची असेल तर विषय संपला.

सर्वांत महागडी चूक म्हणजे पाकिटावरून तिकीट काढणं. संपूर्ण पाकीट, म्हणजे 'कव्हर', पत्र कुठून निघालं, कोणत्या मार्गाने गेलं, किती दर लागला हे सांगतं. 18 फेब्रुवारी 1911 रोजी अलाहाबादहून नैनीला विमानाने टपाल गेलं. वैमानिक ऑन्री पेके, पत्रं सुमारे 6,500. त्या पाकिटांवरचं तिकीट बऱ्याचदा अगदी साधं असतं. किंमत आहे ती विमानाचं चित्र असलेल्या किरमिजी शिक्क्याला, आणि तो पाकिटावर आहे. तिकीट भिजवून काढलं की हातात काही रुपयांचा कागद उरतो. म्हणून 1950 च्या आधीचं कुठलंही पाकीट, युद्धकाळातलं सेन्सॉरची पट्टी असलेलं, संस्थानांतलं, गोव्यातून पोर्तुगीज तिकिटं लावून आलेलं, जसंच्या तसं ठेवा. आतलं पत्रही.

साध्या, अलीकडच्या पाकिटांवरची तिकिटं सोडवायची असतील तर भोवती सेंटिमीटरभर कागद ठेवून कापा. साध्या कोमट पाण्यात चित्र वर करून तरंगत ठेवा. 15-20 मिनिटांत तिकीट आपोआप सरकतं. नाही सरकलं तर आणखी थांबा, ओढू नका. रंगीत किंवा खाकी पाकिटांचे तुकडे वेगळ्या भांड्यात, कारण त्यांचा रंग सुटतो. मग मागचा बुळबुळीतपणा बोटाने धुऊन टिपकागदावर पालथं वाळवायचं. अर्धवट सुकलं की कोरड्या टिपकागदात घालून जाड पुस्तकाखाली एक रात्र.

कॅटलॉगबद्दल गैरसमज फार. स्टॅन्ली गिबन्सच्या कॅटलॉगमधला आकडा म्हणजे ती कंपनी निर्दोष प्रत ज्या भावाला विकेल तो. तुमच्याकडून विकत घ्यायचा तो भाव नाही. आणि त्यात दोन स्तंभ असतात, मिंट आणि यूज्ड. पंचम जॉर्जपर्यंतच्या मिंट किमती हलक्या हिंजच्या प्रतीच्या, त्यानंतरच्या अनमाउंटेड प्रतीच्या. हे न वाचता 1948 च्या हिंज लावलेल्या तिकिटाला पूर्ण आकडा लावला जातो. सगळ्यात लहान आकडे तर किंमतच नव्हेत. तिकीट शोधून, तपासून, पाकिटात घालून द्यायच्या श्रमाचा तो मोबदला. अशी हजार तिकिटं म्हणजे हजार गुणिले तो आकडा, हा हिशेब करू नका. ती किलोच्या भावाने जातात. खरा भाव बघायचा तर लिलावांत प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या, त्याच अवस्थेतल्या प्रती शोधाव्यात. ऑनलाइन कुणीही मागितलेली रक्कम हा पुरावा नाही.

साधारण 1970 नंतरची मिंट तिकिटं, फर्स्ट डे कव्हरं (तिकीट निघालं त्याच दिवसाचा शिक्का असलेली पाकिटं) आणि न फाडलेले पूर्ण ताव यांच्याबाबत स्पष्ट बोललेलं बरं. ती लाखोंनी छापली, लोकांनी लाखोंनी जपून ठेवली. व्यापारी ती बऱ्याचदा दर्शनी किमतीच्याही खाली घेतो. संग्रह म्हणून त्यांचा आनंद पूर्ण आहे, गुंतवणूक म्हणून नाही.

आता तो कपाटातला अल्बम. पावसाळ्यात उघडू नका, कोरड्या दिवशी उघडा. पानं एकमेकांना चिकटली असतील तर सुरी घालू नका. झाकणाच्या डब्यात तळाला ओला स्पंज, वर जाळी, जाळीवर पान, काही तास. डिंक दमट हवेने सैल पडतो आणि पान सुटतं. दर अर्ध्या तासाने बघा, कारण जास्त वेळ ठेवलं तर गम पसरतो. सुटलेली तिकिटं गम वर करून पूर्ण सुकवा. मग दोन पानांमध्ये बटरपेपर किंवा ग्लासिन (गुळगुळीत, अर्धपारदर्शक कागद) घाला, अल्बम पुस्तकासारखा उभा ठेवा, आडवा नाही, आणि शेजारी सिलिका जेलची पुडी. बाहेरच्या भिंतीला लागून असलेलं कपाट टाळा. कुणाला दाखवायचं असेल तर प्रत्येक तिकिटाचे दोन स्कॅन करा, पुढचा आणि मागचा, काळ्या कागदावर ठेवून, म्हणजे दाते मोजता येतील.